नाले उपसायचे आणि पुन्हा मातीने भरायचे?



नालेसफाईची छायाचित्रे यंदाही छापून आली. पोकलेन नाल्यात, अधिकारी काठावर. उपसलेल्या गाळात इमारतींच्या पायातून निघालेली माती आणि मुरूम किती, हे मात्र कोणीच विचारत नाही.

मार्च २०१६च्या केंद्रीय नियमांनी मर्यादा ठरवली: दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टन. त्यापुढे बांधकाम करणाऱ्याने राडारोडा वेगळा करायचा, विल्हेवाटीचा आराखडा महापालिकेकडून मंजूर करून घ्यायचा आणि खर्चही सोसायचा. वेगळे करायच्या प्रकारांत मातीचे नाव स्पष्ट आहे. आता २० टन म्हणजे किती? हायवा डंपरच्या जेमतेम दोन खेपा! तळघर खोदायला घेतले की पहिल्याच सकाळी ही मर्यादा ओलांडली जाते. म्हणजे शहरातला तळघराचा जवळपास प्रत्येक प्रकल्प या नियमात बसत आला. मग ते आराखडे आहेत कुठे? महापालिकेने ते वॉर्डनिहाय जाहीर करावेत.

मुरूम प्लॉटबाहेर गेला की तो गौण खनिज ठरतो आणि महसूल खाते ब्रासवर रॉयल्टी घेते. ब्रासचा हिशेब तहसीलमध्ये, आराखडा महापालिकेकडे. दोन्ही कागद एका टेबलावर आले तर हायवा कुठे रिकामा झाला हे लपणार नाही.

२०२१पासून शहरातल्या खाम नदीसाठी महापालिका, उद्योग आणि नागरिक राबले. ते काम डब्ल्यूआरआय या संशोधन संस्थेच्या २०२३-२४च्या शहर पुरस्काराच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचले. त्याच खामकडे जाणाऱ्या नाल्यांच्या काठावर रात्री माती लोटली गेली, तर त्या कष्टांचे काय? राज्य सरकारच्या २०१७मध्ये सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत धरणांतला गाळ शेतात नेला जातो. शहराच्या पायातून निघणारी वरच्या थरातली काळी मातीही शेताच्या, उद्यानांच्या कामाची; पण ती मुरुमात कालवून फुकट घालवली जाते.

जपानमधल्या अतामीत ३ जुलै २०२१ला डोंगरात टाकलेल्या भरावाची माती पावसात घसरली आणि २८ जीव गेले. त्यानंतर तिथे भरावाचा कायदा कडक झाला. इथे नवा कायदाही नको. माती कुठे गेली याची पावती दाखवल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र द्यायचे नाही, एवढे आयुक्तांनी ठरवावे.

आणि हायवांवर ताडपत्री? बीड बायपासवर मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांत मुरूम उडतो. पहिल्या सरीनंतर सांडलेल्या मातीवर गाड्या घसरतात. वाहतूक पोलिसांनी हेल्मेटइतक्याच तत्परतेने ताडपत्री नसलेले हायवाही अडवावेत.

— एक नागरिक, छत्रपती संभाजीनगर