तापीचा काठ पाणी ओसरताना ढासळतो

मा. कार्यकारी संचालक,
तापी पाटबंधारे विकास महामंडळ, जळगाव



खान्देशाला समुद्र नाही, म्हणून किनारा वाचवायच्या गोष्टी आमच्याकडे कोणी काढत नाही. पण तापीला काठ आहे आणि तो जातोय. गेल्या पावसाळ्यानंतर शेजारच्या वावरात मोटारीचा पाइप हवेत लोंबकळत होता. पाइप जागेवरच, खालची माती तेवढी गेलेली. कडेच्या कपाशीची मुळं दरडीवरून खाली सुटलेली, वर बोंडं मात्र अजून हिरवी. शेजारचे आप्पा एवढंच म्हणाले, "नदी वावर खाई ऱ्हायनी, भाऊ."

पूर काठ तोडतो हे निम्मंच खरं. हतनूर धरणाचे 41 दरवाजे उघडले की नदी फुगते आणि गाळाच्या उभ्या दरडीत पाणी मुरतं. तोवर नदीचं पाणीच दरडीला बाहेरून टेकू देत असतं. विसर्ग झपकन कमी झाला की टेकू निघतो, माती मात्र ओलीचिंब आणि जड. कुठून तुटायचं ते उन्हाळ्यातल्या भेगांनी आधीच आखून ठेवलेलं असतं. मग रात्री कधीतरी धप्प असा आवाज येतो.

म्हणून पहिली विनंती बिनखर्चाची. धरणाची सुरक्षितता सांभाळून जमेल तेव्हा विसर्ग टप्प्याटप्प्याने उतरवावा.

दुसरी काठाची. गावठाण, पूल, घाट इथे भिंत हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण वावराच्या कडेला भिंत घातली की प्रवाह तिचा पायथा उकरतो, आणि भिंत संपते तिथून पुढच्याच्या शेतात घुसतो. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याने 2008 साली कायदाच केला: किनारा राखायचा तर आधी गवत-वनस्पतींचा जिवंत काठ, तो टिकणार नसेल तिथेच भिंत. आपल्या राज्यानेही कांदळवनांसाठी 2012 मध्ये वेगळा कक्ष काढला. कोकणातल्या खाडीला कांदळवन आहे, तापीलाही तिची झाडं आहेत.

तसा जिवंत काठ इथेही करता येईल: पायथ्याला दगडांची बुटकी रांग, तिच्या आडोशाला लव्हाळा आणि पाणकणीस. उतारावर वाळ्याच्या आडव्या ओळी. त्याची मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जातात आणि माती शिवून धरतात. वर करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन. मुळांच्या जाळीत माशांची पिल्लं लपतात, हा वरचा नफा. बेशरम आणि वेडी बाभूळ मात्र कृपा करून नको, ती न लावताही येतात. आणि काही उभ्या दरडी तशाच सोडा. खंड्या आणि वेडा राघू तिथेच बिळं करतात, काँक्रीटमध्ये त्यांना चोच मारता येत नाही.

अडचण मला कळते. काँक्रीटचा घनमीटर मोजता येतो, बिल निघतं. मुळं कोण मोजणार? शिवाय वाळ्याला पहिले दोन उन्हाळे पाणी आणि राखण लागते. त्याचं उत्तर पांझरा नदीच्या काठी आहे. तिथल्या सिंचनाच्या फड पद्धतीत गावांनी कित्येक पिढ्या बंधारे आणि पाट सांभाळले, पाटकरी नेमला, दुरुस्तीला माणसं काढली. काठाच्या राखणीचं कामही अंदाजपत्रकात तीन वर्षांसाठी धरून गावाकडेच द्या. रोपं मोजून नको, तिसऱ्या पावसाळ्यानंतर काठ कुठे उरला ते मोजून पैसे द्या.

हे आमच्याच भल्यासाठी मागतोय असं नाही. आमच्या वावरातली माती पुढे सुलवाडे, सारंगखेडे, प्रकाशाच्या बॅरेजमध्ये बसते, उरलेली गुजरातेत उकाई धरणात. आमचं गेलेलं वावर गाळ होऊन तुमच्याच हिशेबात येतं. अर्थात खालून वाळू उपसली जात असेल तर वरच्या वाळ्याचाही इलाज चालणार नाही. त्यासाठी महसूल खात्याला सोबत घ्यावं लागेल.

सुरुवातीला एकच किलोमीटर पुरे. पांझरा तापीला मिळते त्या मुडावदच्या बाजूला जागा बघता येईल. पाहणीला यायचं तर भर पुरात नको, दरवाजे बंद झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी या. कडेपासून चार पावलं मागे उभे राहा.

आपला,
अमळनेर तालुक्यातला एक शेतकरी