ना ढाबा, ना टोल!

गेल्या नोव्हेंबरात रविवारी पहाटे पाचला शनिवार पेठेतल्या ओंकारेश्वरापासून दोन गाड्या काढून आमची गँग लोणावळ्याला. चिक्कीसाठी नाही हं, अमूर ससाण्यासाठी! सैबेरिया-उत्तर चीनकडून आफ्रिकेच्या दक्षिणेला निघालेला, कबुतराहूनही लहान, जेमतेम दीडशे ग्रॅमचा पाहुणा. पुढे सलग अरबी समुद्र, मध्ये ना ढाबा, ना टोल. म्हणून वाटेत चतुर, किडे हादडून घ्यायचे. २०१२ मध्ये नागालँडच्या दोयांग धरणापाशी हे पक्षी हजारोंनी जाळ्यात मारले गेले. २०१३ मध्ये गावकऱ्यांनीच शिकार थांबवली. आपल्या आभाळात काय दिसणार, हे पार तिकडे ठरलं की राव! नऊच्या सुमाराला सात दिसले. तेवढ्यात एकाला बॉसचा फोन आला. पठ्ठ्यानं चक्क कट केला.