खुडूक कोंबडी कीं यंत्र?

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील खेड्यापाड्यांत खुराडें नाहीं असें घर विरळा. भातशेती चार महिन्यांची. एरव्हीं पाहुणा आला, औषधपाणी करावयाचें झालें, मुलाच्या वह्या आणावयाच्या झाल्या, कीं घरधनिणीची दृष्टि प्रथम खुराड्याकडेच वळते. म्हणून पिलें कशीं उबवावीं, हा प्रश्न आम्हांस क्षुद्र वाटत नाहीं.

हल्लीं अंडीं उबविण्याचीं विजेचीं लहान यंत्रें बाजारांत मिळतात. तीं आलीं, आतां खुडूक कोंबडीची गरज सरली, असें पुष्कळांस वाटतें. हें मत आम्हांस मान्य नाहीं. कोंबडी दहाबारा अंड्यांवर रवणास बसते, यंत्रांत पन्नास-शंभर मावतात, हें खरें. परंतु पिलूं बाहेर येण्यास दोहींकडे २१ दिवसच लागतात. यंत्रास सुमारें ३७.५ अंश उष्णता अखंड हवी. अठराव्या दिवसापर्यंत अंडीं रोज अनेक वेळां फिरवावीं लागतात, व शेवटचे तीन दिवस ओलावा वाढवावा लागतो. पावसाळ्यांत वाऱ्यानें तार तुटून रात्रभर वीज गेली, तर सारी उबवण धोक्यांत! कोंबडी हेंच काम तारेवांचून करते. इजिप्तांत मातीच्या भट्ट्यांत अंडीं उबविण्याची कला दोन हजार वर्षांहून जुनी आहे; पण तेथेंही भट्टीहून अंडें पापणीस लावून उष्णता ओळखणारा माणूसच अधिक मोलाचा.

शिवाय खरी हानि उबवणींत नसून पुढें आहे. पिलें घार नेते, मुंगूस खातें, थंडीनें गारठतात. आणि मानमोडीची सांथ आली म्हणजे एका आठवड्यांत खुराडें ओस पडतें. शहापूर तालुक्यांतील वेहळोली येथें फेब्रुवारी २०२२ मध्यें बर्ड फ्लू आढळून हजारों पक्षी नष्ट करावे लागले, हें कोण विसरेल? बर्ड फ्लूपुढें शेतकरी हतबल असतो. मानमोडीवर मात्र लस आहे. अडचण इतकीच कीं, लशीच्या एका कुपींत शंभर वा अधिक पिलांपुरती मात्रा असते, व ती कालवल्यावर थोड्याच तासांत संपवावी लागते. दहा पिलांसाठीं ती कोण उघडणार?

आमची सूचना अशी. पाड्यांत सामाईक यंत्र एकच असावें. ज्या दिवशीं त्यांत अंडीं ठेवावयाचीं, त्याच दिवशीं घरोघरच्या खुडूक कोंबड्याही बसवाव्या. सातव्या दिवशीं अंडीं दिव्यापुढें धरून वांझ तेवढीं काढावीं. पिलें निघालीं म्हणजे यंत्रांतलीं कांहीं पिलें रात्रीं अंधारांत कोंबड्यांच्या पंखांखालीं सरकवावीं. बहुधा त्या तीं आपलींच म्हणून सांभाळतात. मग साऱ्या पाड्याचीं पिलें एका वयाचीं होतात, आणि पहिल्या आठवड्यांत एकाच कुपींत सर्वांस लस मिळते.

यंत्र उष्णता देईल. पण घारीची सावली पाहून पिलांस हांक मारणें त्यास येणार नाहीं. तेव्हां यंत्र अवश्य घ्यावें. परंतु खोड मोडावी म्हणून खुडूक कोंबडीस पाण्यांत बुचकळण्यापूर्वीं आमच्या वाचकांनीं घरीं दोन शब्द अवश्य सांगावे.