सोळा इंचांचा कायदा कुणाला वाचवतो?

माझे मामेभाऊ टेक्सासमध्ये राहतात. वीस वर्षं झाली. माणूस सज्जन, पाच वक्त नमाजी, तिथल्या मशिदीच्या कमिटीवर आहेत. २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्चमध्ये जे झालं, त्यानंतर त्यांच्याकडे जुम्म्याच्या वेळी दारावर कुणी उभं राहायचं यावर बैठका झाल्या. त्यातून भाईजाननी बंदूक घेतली. आधी पिस्तूल, मग रायफल, मग आखूड नळीची रायफल. गेल्या महिन्यात फोनवर सहज बोलता बोलता म्हणाले, त्या रायफलचं कॅलिबर बदलून टाकलं. मी विचारलं, मग नवा परवाना काढावा लागला असेल? ते हसले. म्हणाले, "परवाना कसला? सगळं कायदेशीर आहे. बदल कायमचा असेल तर एक पत्र पाठवायचं, बस."

"सगळं कायदेशीर आहे" या वाक्याशी माझं भांडण आहे. भाईजानशी नाही. त्यांनी एकही नियम मोडलेला नाही, हे मी आधीच सांगून टाकतो.

आधी हा कायदा काय आहे ते समजून घेऊ. अमेरिकेत १९३४ साली नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट आला. शिकागोच्या टोळीयुद्धांचा तो काळ. मशीनगन, सायलेन्सर, आखूड केलेल्या रायफली आणि शॉटगन यांची सरकारकडे नोंद करायची आणि दर व्यवहाराला २०० डॉलर कर भरायचा, असं ठरलं. तेव्हाचे २०० डॉलर म्हणजे जवळपास एका टॉमी गनची किंमत. सामान्य माणसानं या भानगडीत पडूच नये, हाच हेतू होता. मूळ मसुद्यात पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हरही होती. लोक रायफल कापून तिचं पिस्तूल करतील आणि कायद्याला बगल देतील, म्हणून आखूड रायफलींचं कलम घातलं होतं. पुढे विरोध झाला आणि पिस्तूल-रिव्हॉल्व्हर मसुद्यातून गळाली. आखूड रायफल मात्र राहिली. म्हणजे मुख्य दरवाजा उघडा टाकला आणि मागच्या खिडकीला कुलूप लावलं. ते कुलूप आज नव्वद वर्षांनंतरही तिथेच आहे.

आज रायफलची नळी १६ इंचांपेक्षा कमी, किंवा पूर्ण लांबी २६ इंचांपेक्षा कमी असेल, तर ती 'शॉर्ट-बॅरल रायफल' ठरते. तशी रायफल बनवायची तर अर्ज, फोटो, बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची तपासणी. अर्जात कॅलिबर लिहायचं, नळीची लांबी, एकूण लांबी, क्रमांक लिहायचा. बनवणाऱ्याचं नाव-गाव बंदुकीच्या धातूवर कोरायचं. बिनपरवाना अशी रायफल सापडली तर दहा वर्षांपर्यंत तुरुंग. वाचून वाटतं, वा, काय बंदोबस्त आहे!

आता गंमत बघा. ही नोंद होते ती बंदुकीच्या खालच्या सांगाड्याची, ज्याला रिसीव्हर म्हणतात त्याची. एआर-१५ जातीच्या रायफलीत कायद्याच्या नजरेत तेवढाच तुकडा म्हणजे 'बंदूक'. ज्यातून गोळी सुटते ती नळी, जिथे काडतूस फुटतं तो वरचा अख्खा भाग, हे केंद्रीय कायद्याप्रमाणे नुसते सुटे भाग. बहुतेक राज्यांत ते टपालानं घरी येतात, कुणी ओळखपत्रही विचारत नाही. त्यामुळे नोंदवलेल्या आखूड रायफलीवर वेगळ्या कॅलिबरचा वरचा भाग चढवायचा असेल तर नवा अर्ज लागत नाही, नवा कर लागत नाही. बंदुकांचा कारभार पाहणारी एटीएफ ही संस्था एवढंच म्हणते की बदल कायमचा असेल तर लेखी कळवा. मूळ नळी जवळ ठेवली असेल, रायफल पुन्हा पहिल्या रूपात आणता येत असेल, तर कळवायचीही गरज नाही. बदल कायमचा की तात्पुरता हे कोण ठरवणार? मालक. त्याच्या मनात काय आहे हे सरकारला कसं कळणार? मालकानं सांगितलं तर. अर्जात ज्या कॅलिबरला मानाचा रकाना दिला, त्याची पुढची हकीकत अशी मालकाच्या मर्जीवर सोडून दिलेली आहे.

भाईजाननी ५.५६ काढून ३०० ब्लॅकआउट घातलं. हौशी लोकांत हे फार चालतं, कारण बोल्ट तोच, मॅगझिन तेच, बदलायची फक्त नळी. गोळी जड, वेग कमी, सायलेन्सरबरोबर आवाज कमी. बंदुकीचा स्वभाव बदलला, पण सरकारच्या दफ्तरी ती जुनीच बंदूक आहे. हीच रायफल याच कॅलिबरमध्ये १६ इंची नळीची घ्या, मग ठसे नाहीत, कोरीव नाव नाही, केंद्रीय नोंद नाही. दुकानात फॉर्म भरा, तपासणी बहुतेक वेळा काही मिनिटांत उरकते, आणि बंदूक खांद्याला लावून घरी या. नळी १५ इंचांची असेल तर माणसाची कुंडली मांडायची आणि १६ इंचांची असेल तर "या साहेब".

आणि कराचं काय झालं? २०० डॉलर नव्वद वर्षांत एका सेंटनंही वाढले नाहीत. २०२५ च्या जुलैमध्ये झालेल्या कायद्यानं तर आखूड रायफली, शॉटगन आणि सायलेन्सरवरचा हा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य केला. मशीनगनवरचा मात्र तसाच ठेवला. आता उरली फक्त नोंदवही.

इंच मोजणारा हा कायदा नुसता निरुपयोगी असता तरी चाललं असतं. १९९२ साली आयडाहोत रुबी रिज या डोंगरात रँडी वीव्हर नावाच्या माणसाच्या घराला सरकारी बंदूकधाऱ्यांनी वेढा घातला. प्रकरणाचं मूळ काय, तर त्यानं दोन शॉटगन कायद्याच्या मापापेक्षा आखूड कापून सरकारी खबऱ्याला विकल्याचा आरोप. वेढ्यात त्याची बायको गेली, चौदा वर्षांचा मुलगा गेला, एक सरकारी मार्शल गेला. पुढे ज्युरीनं वीव्हरला बंदुकांच्या आरोपातून निर्दोष सोडलं. वीव्हरचे विचार गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या जवळचे होते, मला त्याच्याबद्दल कणव वाटायचं काही कारण नाही. पण काही इंचांच्या खटल्यात तीन माणसं मरावीत, हे कुठल्या सुरक्षेत बसतं?

आता ख्राइस्टचर्च. १५ मार्च २०१९, जुम्मा. अल नूर मशीद आणि लिनवुड इस्लामिक सेंटर. ५१ माणसं मारली गेली. त्यांत पाच भारतीय नागरिक होते, गुजरातचे, तेलंगणचे, केरळचे. न्यूझीलंडमध्येही कायदा होता बरं का. तिथे साध्या 'ए' परवान्यावर सेमी-ऑटोमॅटिक रायफल घेता येत होती, अट एवढीच की मॅगझिन सातपेक्षा जास्त गोळ्यांचं नको. मोठं मॅगझिन लावलं की तीच रायफल वेगळ्या वर्गात जायची आणि तिला जास्त कडक मंजुरी लागायची. पण मोठं मॅगझिन विकत घ्यायला परवानाच लागत नव्हता! त्या माणसानं रायफली कायदेशीर घेतल्या, मॅगझिन कायदेशीर घेतली, आणि दोन्ही एकत्र जोडली. गुन्हा जोडण्यात होता, आणि जोडताना बघायला कुणीही नव्हतं. परवाना देताना पोलिसांनी ज्यांच्याकडे त्याच्याविषयी चौकशी केली ते दोघे कोण? एक ऑनलाइन गेम खेळणारा मित्र आणि दुसरं त्या मित्राच्याच आईवडिलांपैकी एक. हे मी म्हणत नाही, तिथल्या शाही चौकशी आयोगाच्या २०२० च्या अहवालात आहे.

म्हणून मी भाईजानना म्हटलं, तुम्ही ज्या सोयीचं कौतुक करताय, तीच जातकुळी तिकडे होती. नोंद एका तुकड्याची, जीव घेणारा तुकडा मोकळा.

त्यांचं उत्तरही ऐका, ते पोकळ नाही. ते म्हणाले, "तू तिकडे बसून शिकव. फजरला आम्ही बारा-पंधरा जण असतो, पाठ दाराकडे. लिनवुडला अब्दुल अझीझ आधी कार्ड स्वाइप करायचं मशीन घेऊन धावला, मग त्या माणसानं फेकलेली रिकामी बंदूक उचलून पाठलाग केला. त्याच्या हातात भरलेली असती तर?" याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. पाठ दाराकडे करून सजद्यात जाणाऱ्याची भीती मला कळते. पण दारावर उभं राहणाऱ्या माणसाला सायलेन्सरला सोयीची आखूड नळी कशाला हवी, हे मला त्यांनी अजून समजावलेलं नाही. रक्षणाच्या नावानं सुरू झालेली गोष्ट केव्हाच हौस झाली आणि कायद्यानं तिला "शाब्बास" म्हटलं.

दुसरा नेहमीचा युक्तिवाद: मारणारा कायदा बघून थांबत नाही. मग ख्राइस्टचर्चच्या त्या माणसानं काळ्या बाजारात जायची तसदी का घेतली नाही? कारण गरजच पडली नाही. न्यूझीलंडच्या संसदेनं महिन्याभरात, ११९ विरुद्ध एका मतानं कायदा बदलला, आणि त्या कायद्याच्या नावातच बंदुकांबरोबर मॅगझिन आणि सुटे भाग आहेत. त्यांना कळलं की मोजायचं काय.

आपल्याकडचे काही वाचक म्हणतील, आमचा १९५९ चा शस्त्र कायदा बरा. कागदावर बरा आहेच. बोअर ठरलेला, नळी आखूड करायलाही स्वतंत्र परवाना लागतो. पण .३१५ चं काडतूस खाणारा गावठी कट्टा कुठल्या रजिस्टरात असतो? फुशारकी मारायला आपल्यालाही फार जागा नाही.

मला राहून राहून एक हदीस आठवते. बुखारी आणि मुस्लिम, दोन्हींत आहे. बाण घेऊन मशिदीतून किंवा बाजारातून जाणाऱ्यानं बाणांची टोकं हातानं धरून ठेवावीत, कुणाला इजा होऊ नये म्हणून, असा तिचा आशय. काडी किती वीत लांब असावी, याचा त्यात उल्लेख नाही. नजर टोकावर आहे आणि धरणाऱ्याच्या हातावर आहे. भाईजाननी ही हदीस माझ्याआधी वाचलेली असणार, त्यांनीच मला लहानपणी कुराण शिकवलं.

मी त्यांना शेवटी विचारलं, पत्र पाठवलं का? नाही, म्हणाले, जुनी नळी जपून ठेवली आहे, म्हणजे बदल तात्पुरताच. दोन्ही कॅलिबरची काडतुसं एकाच कपाटात आहेत, एकसारख्याच मॅगझिनमध्ये. ३०० ब्लॅकआउटचं काडतूस चुकून ५.५६ च्या नळीत गेलं तर बंदूक हातात फुटू शकते, हे हौशी लोकांना पाठ असतं. त्याची नोंद कुठल्या फॉर्मवर आहे, असं मी विचारलं. आणि त्या कपाटाची चावी मुलांना ठाऊक आहे का? ते म्हणाले, असरची वेळ झाली, नंतर फोन करतो.