गाबेसचा धूर आणि ट्युनिशियाची राज्यघटना

ट्युनिशियाच्या दक्षिण किनाऱ्यावरील गाबेस या शहराने २०२५ च्या ऑक्टोबर महिन्यात सार्वत्रिक संप करून आपले सारे व्यवहार बंद ठेवले. मागणी वेतनवाढीची नव्हती आणि सत्तापालटाचीही नव्हती. शहराला खेटून असलेल्या सरकारी रसायन कारखान्याच्या विषारी वायूने शाळकरी मुले गुदमरली, त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. तेव्हा हा कारखाना बंद करा अथवा येथून हलवा, एवढेच रस्त्यावर उतरलेल्या हजारो नागरिकांचे म्हणणे होते. हे म्हणणे नवे नाही. फॉस्फेटच्या दगडापासून फॉस्फोरिक आम्ल आणि खते बनविणारा हा उद्योग गाबेस येथे १९७० नंतर उभा राहिला, आणि त्यातून निघणारा जिप्समचा गाळ तेव्हापासून समुद्रात सोडला जात आहे. समुद्राच्या काठाला भिडलेली खजुराची बाग म्हणून ज्या गावाची ख्याती होती, तेथील कोळ्यांच्या जाळ्यात आता पूर्वीसारखी मासळी येत नाही. कारखान्याचे हे घातक विभाग मोडीत काढण्याचा निर्णय सरकारने २०१७ सालीच घेतला होता. निर्णय कागदावर राहिला आणि धूर आकाशात.

एका दूरच्या लहानशा देशातील नगराचे गाऱ्हाणे म्हणून आम्हांला हा प्रश्न बाजूला सारता येत नाही. भारतात फॉस्फेटचे खनिज अल्प आहे आणि ट्युनिशियाच्या फॉस्फोरिक आम्लाचा आपला देश जुना ग्राहक आहे. गाबेसच्या उत्तरेस स्खिरा येथे याच उद्योगाचा जो दुसरा कारखाना २०१३ साली सुरू झाला, त्यात भारतीय खत कंपन्यांची भागीदारीही आहे. पण आम्ही या विषयाकडे वळतो, त्याचे याहून मोठे कारण वेगळे आहे. २०११ साली अरब जगात जी राज्यक्रांतीची लाट उठली, तिचा उगम या देशात झाला, आणि त्या लाटेतून लोकशाही राज्यघटना पदरात पाडून घेणारा देशही हाच होता. ती घटना आज उरलेली नाही. ती कशी गेली आणि तिच्याबरोबर गाबेससारख्या गावांचे काय गेले, हे पाहण्याजोगे आहे.

त्यासाठी नकाशा समोर ठेवला पाहिजे. पश्चिमेस अल्जीरिया व आग्नेयेस लिबिया यांच्यामध्ये सापडलेला हा देश क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडा मोठा आहे. लोकसंख्या सुमारे १ कोटी २० लाख, म्हणजे २०११ च्या शिरगणतीत बृहन्मुंबईची जी भरली तिच्याहूनही किंचित कमी. ईशान्येकडील भूशिरापासून सिसिली बेट सुमारे दीडशे किलोमीटरांवर आहे, त्यामुळे युरोपशी व्यापार आणि वैर ही दोन्ही या भूमीला प्राचीन काळापासून परिचित आहेत. रोमशी झुंजलेले कार्थेज येथलेच. इतिहासाला शास्त्राचे रूप देऊ पाहणारा इब्न खल्दून १३३२ साली जन्मला तोही ट्युनिस शहरात. आफ्रिका हे नाव रोमनांनी प्रथम दिले ते याच प्रांताला. पुढे ते साऱ्या खंडाला चिकटले.

अ‍ॅटलास पर्वताची शेवटची शाखा नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जात देशाला तिरकी छेदते. तिच्या उत्तरेस पाऊस चांगला पडतो. मेजेर्दा ही बारमाही वाहणारी देशातील एकमेव नदी, आणि तिच्या खोऱ्यात गहू पिकतो. पर्वताच्या दक्षिणेस उतरले की माळरान लागते, त्यापुढे मिठाची विस्तीर्ण कोरडी सरोवरे, खजुराच्या बागा आणि अखेर सहाराची वाळू. पूर्वेचा किनारा मात्र निराळा. सूस, मोनास्तीर, स्फाक्स या शहरांभोवती ऑलिव्हच्या बागा कोसच्या कोस पसरल्या आहेत. बंदरे, कारखाने, विद्यापीठे, प्रवाशांची हॉटेले याच पट्ट्यात एकवटली आहेत. देशाचा पैसा आणि देशाची सत्ता दीर्घकाळ येथेच नांदली. गाबेस समुद्रकाठी असले, तरी या सुखी किनाऱ्यात त्याची गणना होत नाही. ते दक्षिणेच्या वाट्याला आलेले गाव आहे.

ही विषमता केवळ पावसाने निर्माण केली, असे म्हणणे सोपे आहे आणि अपुरेही आहे. गाफ्सा परिसरातील फॉस्फेटचा शोध १८८५ साली लागला. तेव्हा देश फ्रेंचांच्या संरक्षणाखाली गेला होता. खनिज काढण्यासाठी १८९७ साली कंपनी निघाली आणि १८९९ साली खाणीपासून स्फाक्स बंदरापर्यंत लोहमार्ग पोचला. आतला माल किनाऱ्याकडे न्यावा, यापलीकडे त्या मार्गाला हेतू नव्हता. १९५६ साली स्वातंत्र्य आले, तरी हा ओघ फिरला नाही. सिदी बुझिद आणि कासरीनच्या बाजूचे भूजल नळाने स्फाक्सला जाते. संपूर्ण निर्यातीसाठी माल काढणाऱ्या कारखान्यांना १९७२ च्या कायद्याने करमाफी मिळाली. ते कारखाने साहजिकच बंदरांजवळ उभे राहिले. ऑलिव्ह तेलाच्या निर्यातीत ट्युनिशियाचे स्थान जगात फार वरचे आहे, पण त्यातील मोठा भाग पिंपांतून इटली व स्पेनला जातो आणि तिथल्या नावाच्या बाटल्यांत भरून विकला जातो. किनाऱ्याने अंतर्भागाशी जे केले, तेच युरोपने किनाऱ्याशी केले.

स्वतंत्र ट्युनिशियाचे पहिले अध्यक्ष हबीब बुर्गिबा हे मोनास्तीरचे. त्यांच्या कर्तृत्वाविषयी आमच्या मनात आदर आहे. स्वातंत्र्य मिळून सहा महिनेही झाले नव्हते, तोच त्यांनी बहुपत्नीकत्व बेकायदा ठरविणारा कायदा केला. शिक्षणावर सढळ हाताने खर्च केला. परंतु १९७५ साली त्यांनी तहहयात अध्यक्षपद स्वीकारले, आणि पुढे पावाची किंमत एकाएकी दुप्पट करून सरकारने १९८३ च्या अखेरीस दक्षिणेत दंगलीचा वणवा पेटविला. वणवा राजधानीपर्यंत आला तेव्हा १९८४ च्या जानेवारीत त्यांना ती वाढ मागे घ्यावी लागली. १९८७ साली त्यांना बाजूला सारून सत्तेवर आलेले बेन अली हेही सूसजवळचेच. त्यांच्या अमदानीत आकडे चांगले होते. परदेशी अर्थतज्ज्ञ त्यांची वाखाणणी करीत. २००८ साली गाफ्सा खाणपट्ट्यातील रेदेयेफ येथे नोकरभरतीतील वशिलेबाजीवरून महिनोन्‌महिने उठाव चालला, तो पोलिसी बळाने दडपण्यात आला आणि बाहेरच्या जगाला त्याची फारशी वार्ताही लागली नाही. १७ डिसेंबर २०१० रोजी सिदी बुझिद येथे नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांनी माल जप्त केल्यावर मोहंमद बुअझीझी या हातगाडीवाल्या तरुणाने स्वतःस पेटवून घेतले. पुढच्या १४ जानेवारीस बेन अली देश सोडून पळाले. क्रांती आली ती अंतर्भागातून आली, ही गोष्ट विसरता कामा नये.

२०१४ साली मंजूर झालेली राज्यघटना या दृष्टीने वाचनीय होती. प्रदेशाप्रदेशांत समतोल राखणे आणि मागासांना झुकते माप देणे हे राज्याचे कर्तव्य, असे तिच्या १२ व्या कलमात स्पष्ट लिहिले होते. स्थानिक स्वराज्याला तिने एक संपूर्ण प्रकरण दिले. तिच्या वाटाघाटी मोडण्याच्या बेतात असताना कामगार संघटना, उद्योजकांची संघटना, वकिलांची संघटना आणि मानवी हक्क संघटना यांनी मध्यस्थी करून त्या तडीस नेल्या आणि २०१५ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळविले. २०१८ साली साडेतीनशे नगरपालिकांच्या पहिल्या खुल्या निवडणुका झाल्या.

मग बिघडले कोठे? सत्ताधाऱ्यांनी घटना लिहिली आणि ती राबविण्याचा कंटाळा केला, असे आमचे मत आहे. दहा वर्षांत नऊ पंतप्रधान झाले. पक्षांची शक्ती आघाड्या जुळविण्यात आणि मोडण्यात खर्ची पडली. २०१५ साली राजधानीतील बार्दो संग्रहालयात आणि पाठोपाठ सूसच्या समुद्रतीरावर दहशतवाद्यांनी परदेशी पाहुण्यांची हत्या केली. प्रवासी व्यवसाय कोसळला. फॉस्फेटचे उत्पादन २०१० साली सुमारे ८० लाख टन होते, ते पुढील बहुतेक वर्षी निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली राहिले, कारण काम मागणारे बेकार तरुण लोहमार्गावर ठाण मांडून बसत आणि सरकारला त्यांना ना काम देता येई, ना उठविता येई. सर्वांत घातक हेळसांड निराळीच होती. घटनेने सांगितलेले घटना न्यायालय पक्षांनी कधी स्थापनच होऊ दिले नाही, कारण त्यावर कोणाची माणसे बसवावी याबद्दल त्यांचे एकमत होईना.

या चुकीची किंमत २५ जुलै २०२१ रोजी मोजावी लागली. कैस सईद हे घटनाशास्त्राचे प्राध्यापक; २०१९ साली सुमारे ७३ टक्के मते मिळवून अध्यक्ष झालेले. पक्षांच्या भांडणांना विटलेल्या, दुर्लक्षित प्रांतांतील तरुणांना त्यांचा साधेपणा भावला होता. त्यांनी घटनेतील आणीबाणीच्या कलमाचा आधार घेऊन पंतप्रधानांना काढले आणि संसदेला कुलूप लावले. ते कृत्य घटनेस धरून आहे की नाही, हे सांगणारे न्यायालय देशात नव्हते! त्या रात्री लोकांनी रस्त्यांवर आनंद केला. आम्ही त्या लोकांना दोष देणार नाही. दहा वर्षे त्यांच्या हाती जे आले होते, ते फार थोडे होते.

परंतु त्यानंतर जे घडले त्याचे समर्थन करता येत नाही. २०२२ साली न्यायमंडळ बरखास्त झाले व ५७ न्यायाधीश एका हुकुमाने घरी गेले. अध्यक्षांनी नवी घटना आणली. तिचा मसुदा करणाऱ्या समितीचे प्रमुख सादोक बेलाईद यांनीच, प्रसिद्ध झालेला मजकूर आम्ही दिलेला नव्हे, असे जाहीर केले. सार्वमतात सुमारे ३० टक्के मतदार आले. नव्या संसदेच्या निवडणुकीत हे प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास घसरले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सईद ९० टक्क्यांवर मते घेऊन पुन्हा निवडून आले, तेव्हाही मतदान २९ टक्क्यांच्या आतच होते. प्रमुख विरोधक तोवर तुरुंगात होते. एप्रिल २०२५ मध्ये राज्याविरुद्ध कट केल्याच्या खटल्यात ६६ वर्षांपर्यंतच्या शिक्षा सुनावण्यात आल्या. खोट्या बातम्यांविरुद्धचा म्हणून काढलेला वटहुकूम पत्रकारांवर चालविला जातो.

या सर्वांत जिची चर्चा कमी झाली, अशी एक गोष्ट आम्हांला सर्वांत गंभीर वाटते. मार्च २०२३ मध्ये सईद यांनी सर्व निर्वाचित नगरपालिका बरखास्त केल्या. त्यांचा कारभार आता नोकरशहा पाहतात, आणि त्यांच्यावर अध्यक्षांनी नेमलेला प्रांताधिकारी असतो. प्रदेश व जिल्ह्यांचे दुसरे सभागृह त्यांनी निर्माण केले आहे खरे. खालून वर सत्ता, ही त्यांची आवडती कल्पना. पण त्या सभागृहाजवळ पैसा नाही आणि सरकारला जाब विचारण्याचा खरा अधिकारही नाही. अंतर्भागाच्या नावाने आलेल्या राजवटीने अंतर्भागाच्या हातातले एकमेव हत्यार काढून घेतले. गाबेसमधील बापाने मुलाला श्वास घेता येत नाही हे गाऱ्हाणे कोणापुढे मांडावे? नगराध्यक्ष नाही. संसदसदस्याला विचारतो कोण? ज्या वृत्तपत्राने लिहावे त्याच्या संपादकाला खटल्याचे भय. मग रस्ताच उरतो, आणि रस्त्यावर आलेल्यांकडे राजवट परकीयांचे हस्तक म्हणून पाहू लागते.

सरकारची अडचणही खरी आहे, हे नमूद करणे न्याय्य होईल. सार्वजनिक कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ८० टक्के आहे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी २०२२ साली १९० कोटी डॉलरच्या कर्जाची प्राथमिक बोलणी झाली होती. अनुदाने कमी करण्याच्या अटी सईद यांनी पुढल्या वर्षी झिडकारल्या. १९८४ ची आठवण असलेला कोणताही राज्यकर्ता पावाच्या किमतीला हात लावताना कचरेल, आणि त्याबद्दल आम्ही त्यांना दूषण देत नाही. मात्र नकारानंतर दुसरी योजना पुढे आली नाही. मध्यवर्ती बँकेकडूनच ७०० कोटी दिनार सरकारला थेट उसने देण्याची सोय २०२४ साली कायद्याने करण्यात आली. युरोपीय संघाने जुलै २०२३ मध्ये करार करून पैसा देऊ केला, त्यातील १० कोटी ५० लाख युरो समुद्रमार्गे युरोपात शिरणाऱ्यांना अडविण्यासाठी होते. लोकशाहीचे धडे देणाऱ्या युरोपने येथे कोणता माल विकत घेतला, हे उघड आहे. अशा तंगीत फॉस्फेटचे उत्पादन वाढविणे ही सरकारची निकड आहे, आणि गाबेसचा कारखाना बंद करणे त्याला परवडत नाही.

पण बंद आणि चालू यांच्यामध्येही काही असते. जिप्सम समुद्रात न सोडता जमिनीवर नीट साठविता येतो. वायू रोखणारी यंत्रे अन्य देशांत चालतात. जुने विभाग वस्तीपासून दूर नेण्याचा आराखडा २०१७ पासून पडून आहे. या खर्चाला वेळ आणि भांडवल हवे, आणि दोन्हींत ग्राहकाला वाटा उचलता येतो. भारतीय खत कंपन्या दीर्घ मुदतीचे करार करताना दर आणि टनांची घासाघीस करतात. त्याच करारात माल कोणत्या रीतीने बनला याची अट घालण्यास त्यांना कोणी अडविलेले नाही. आपल्या सरकारचा रसायने व खते विभाग आणि परराष्ट्र खाते यांनी हा विषय ट्युनिसशी पुढच्या बोलण्यात काढावा. तेथील राजवट कोणाची असावी हे ठरविण्याचा अधिकार आपला नाही. आपल्या शेतात पडणाऱ्या खतासाठी गाबेसच्या मुलांनी काय श्वासात घ्यावे, हे विचारण्याचा आहे.