‘सोलो’ नावाचा गैरसमज

कलावंत समूहातून बाहेर पडला की समीक्षकाच्या हाती एक आयते कथानक लागते. आधी घुसमट, मग बंड, मग मुक्ती आणि शेवटी आत्मशोध. हे कथानक इतके घोटीव आहे की त्यात कोणाचेही नाव घालावे आणि लेख पुरा करावा. अमेरिकी गीतकार-गायक जेसन इझबेल याच्याविषयी जे लिहिले गेले आहे, त्यातील बराचसा भाग याच साच्यातून निघाला आहे. या साच्याला आमचा विरोध आहे. रॉक संगीत न ऐकणाऱ्या साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनीही या वादाकडे लक्ष द्यावे, कारण साचा मुळात आपल्याच कारखान्यातला आहे.

आधी वस्तुस्थिती. ‘ड्राइव्ह-बाय ट्रकर्स’ हा बँड १९९६ मध्ये जॉर्जिया राज्यातील अथेन्स येथे स्थापन झाला. पॅटरसन हूड आणि माइक कूली हे त्याचे दोन गीतकार, दोघेही अलाबामातील मसल शोल्स परिसरातले. इझबेलही त्याच परिसरातला. २००१ मध्ये ‘सदर्न रॉक ऑपेरा’ हा अल्बम आल्यानंतर तो बँडमध्ये दाखल झाला, तेव्हा त्याचे वय बावीस होते. हूड आणि कूली त्याच्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठे. ‘डेकोरेशन डे’ (२००३), ‘द डर्टी साउथ’ (२००४) आणि ‘अ ब्लेसिंग अँड अ कर्स’ (२००६) या तीन अल्बमांनंतर, एप्रिल २००७ मध्ये, तो बाहेर पडला. त्याच वर्षी जुलैमध्ये ‘सायरन्स ऑफ द डिच’ हा त्याचा पहिला स्वतंत्र अल्बम आला. रूढ कथानकानुसार मुक्तीचा क्षण हाच.

आता या ‘मुक्ती’कडे जरा जवळून पाहू. त्या अल्बमची निर्मिती इझबेलने ज्याच्या जोडीने केली, तो पॅटरसन हूडच होता. ड्रम्स ब्रॅड मॉर्गनचे आणि बास शॉना टकरची, म्हणजे दोघेही ट्रकर्समधलेच. ध्वनिमुद्रणही तो बँडमध्ये असतानाच सुरू झाले होते. म्हणजे ज्या अल्बमच्या आधारे त्याला ‘एकटा’ ठरवायचे, तोच जुन्या घरच्या माणसांनी उभा केलेला. पुढच्या अल्बमवर तर त्याच्या नावाशेजारी ‘४०० युनिट’ हे नव्या बँडचे नाव छापलेले आहे. एक समूह सुटला, दुसरा जुळला. मराठीत आपण याला एकटे पडणे म्हणत नाही, बिऱ्हाड बदलणे म्हणतो.

शिवाय बाहेर पडणे हा स्वेच्छेचा, कलेच्या ओढीने घेतलेला निर्णय होता, हेही खरे नाही. त्या वेळी सारे सामोपचाराने झाल्याचे जाहीर करण्यात आले. पुढे इझबेलनेच मुलाखतींतून सांगितले की त्याला जायला सांगण्यात आले होते, आणि त्यामागे त्याचे दारूचे व्यसन होते. ज्याला समीक्षक बंड म्हणत आले, त्याचा मोठा भाग रोज पिणाऱ्या माणसासोबत गाडीत महिनोन्महिने प्रवास करणे इतरांना अशक्य झाले, एवढाच होता. यात कोणाचीही नाचक्की नाही. नाचक्की आहे ती या दुःखाला ‘सर्जनशील मतभेद’ असे भरजरी नाव देणाऱ्या लेखणीची.

मुक्तीच्या सिद्धान्ताला काळाचा हिशेबही जुळत नाही. इझबेलची सर्वमान्य श्रेष्ठ कृती ‘साउथईस्टर्न’ २०१३ मध्ये आली. बँड सोडून तोवर सहा वर्षे उलटली होती आणि मधले तीन अल्बम आदराने ऐकले गेले, इतकेच. समूहाचे ओझे उतरल्याने प्रतिभा फुलली असती, तर ती २००७ मध्ये फुलायला हवी होती. २०१२ मध्ये त्याने व्यसनमुक्तीचे उपचार घेतले आणि त्यानंतर ‘साउथईस्टर्न’ आला. कारण शोधायचेच असेल, तर ते इथे शोधावे.

आणि ‘साउथईस्टर्न’मध्ये तरी आहे काय? समीक्षकांनी तो कबुलीजबाब म्हणून वाचला. पण ‘एलिफंट’ या गाण्यातला निवेदक कर्करोगाने मरणाऱ्या मैत्रिणीसोबत बारमध्ये बसलेला एक पुरुष आहे. ‘लाइव्ह ओक’चा निवेदक जुन्या काळातला एक खुनी आहे. हे इझबेलचे ‘मी’ नव्हेत. दुसऱ्याच्या कंठातून बोलण्याची ही विद्या तो कुठे शिकला? ज्या बँडमध्ये तीन गीतकार एकमेकांच्या कानांसमोर शेतकरी, दारू गाळणारे, कर्जबुडवे आणि खुनी यांची स्वगते रचत होते, तिथे. ‘डेकोरेशन डे’ या गाण्यात त्याने दोन कुटुंबांचे पिढीजात वैर त्या वैराला कंटाळलेल्या मुलाच्या तोंडून सांगितले. ‘आउटफिट’मध्ये बापाने मुलाला केलेला उपदेश बापाच्याच आवाजात गायला. बाविशी-तेविशीतल्या मुलाने बापाचा आवाज काढावा, हे धाडस एकट्याच्या खोलीत सहसा सुचत नाही. ते सुचायला समोर दोन थोरले भाऊ लागतात, जे वाईट ओळ ऐकून गप्प बसतात आणि चांगली ऐकून गिटार उचलतात.

‘द डर्टी साउथ’मध्ये इझबेलचे ‘डँको/मॅन्युएल’ नावाचे गाणे आहे. ‘द बँड’ या समूहातील रिक डँको आणि रिचर्ड मॅन्युएल यांच्या नावांवरून ते रचले आहे. या समूहाचा इतिहास आमच्या मुद्द्याच्या मुळाशी जातो. गाण्यांचे श्रेय प्रामुख्याने रॉबी रॉबर्टसन याच्या नावावर नोंदले गेले. ड्रमर लेव्हॉन हेल्म याने १९९३ च्या आत्मचरित्रात त्यावर जाहीर आक्षेप घेतला. गाणी सर्वांनी मिळून घडवली, नाव मात्र एकाचे लागले, असे त्याचे म्हणणे. गीतलेखनाचे मानधन ज्याचे नाव नोंदलेले असते त्यालाच मिळते. म्हणजे ‘कर्ता’ ही सौंदर्यशास्त्रीय कोटी असण्याआधी हिशेबाच्या वहीतली नोंद आहे. बँड सोडण्यापूर्वी तीन वर्षे इझबेलला या दोघांवर गाणे रचावेसे वाटले, रॉबर्टसनवर नव्हे, हे आम्हाला बोलके वाटते.

आमच्यावर आक्षेप येईल की आम्ही समूहाचे गोडवे गातो आहोत. तसे नाही. ‘गेला आणि बँडची वाट लागली’ हा शोकसूरही तितकाच खोटा आहे. जानेवारी २००८ मध्ये ट्रकर्सचा ‘ब्रायटर दॅन क्रिएशन्स डार्क’ आला. एकोणीस गाणी, आणि त्यांत प्रथमच शॉना टकरची तीन. इझबेलच्या जाण्याने रिकामी झालेली जागा बास वाजवणाऱ्या बाईने स्वतःच्या शब्दांनी भरली. तीन पुरुष गीतकारांच्या गर्दीत तिला तोवर ती जागा मिळाली नव्हती. समूह आवाज घडवतो, तसाच दाबतोही. हे दोन्ही एकाच वेळी खरे मानण्याची तयारी नसेल, तर समीक्षा करू नये.

आता आपल्या अंगणात येऊ. वर्गात आपण बार्थचा ‘लेखकाचा मृत्यू’ शिकवतो आणि पुढच्याच तासाला ‘विशेष लेखकाचा अभ्यास’ या पत्रिकेसाठी जीवनपट, प्रेरणा, वैशिष्ट्ये असे मुद्दे उतरवून देतो. साठोत्तरी लघुनियतकालिकांच्या चळवळीतून आपण चार-पाच नावे उचलली आणि त्यांच्यावर प्रबंध लिहिले. ज्यांनी सायक्लोस्टाइल काढले, मजकूर वाचून फेकून दिला, मित्राची कविता निर्दयपणे कापली, त्यांची नोंद तळटीपेतही नाही. कविता एकट्याची आणि मंडळी म्हणजे पार्श्वभूमी, हा आपला समज इतका पक्का आहे की संशोधनाचा विषय निवडतानाच अर्धे सत्य गळून पडते.

एक गंमत सांगून थांबतो. इझबेलचा शब्दशः ‘सोलो’ अल्बम, म्हणजे केवळ एक आवाज आणि एक गिटार, ‘फॉक्सेस इन द स्नो’, मार्च २०२५ मध्ये आला. बँड सोडल्यानंतर जवळजवळ अठरा वर्षांनी. एकटे गायला त्याला इतका काळ लागला. समीक्षकांनी मात्र त्याला २००७ मध्येच एकटे करून टाकले होते. ही घाई त्याची नव्हती, आपली होती. आणि आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतून ती आजही चालू आहे.