विश्लेषण : यादीत नसलेली बाटली… दुर्मीळ वाईन मोजक्याच ग्राहकांसाठी का राखून ठेवली जाते?

पॅरिस, लंडन किंवा न्यूयॉर्कमधील बड्या रेस्टॉरंटमध्ये ग्राहकाच्या हाती वाईनची जाडजूड यादी दिली जाते. मात्र तळघरातील सगळ्याच बाटल्या त्या यादीत असतात असे नाही. काही दुर्मीळ बाटल्या यादीबाहेर ठेवल्या जातात आणि त्या फक्त ठरावीक ग्राहकांनाच दाखवल्या जातात. ही पद्धत जुनी आहे. आपल्याकडेही साडीच्या दुकानात ओळखीचे गिऱ्हाईक आले की ‘आतला माल’ बाहेर निघतोच. परंतु एका बाटलीची किंमत हजारो डॉलरच्या घरात गेल्यावर प्रश्न निर्माण होतो, की हा निव्वळ व्यवहार आहे की भेदभाव?

ही पद्धत नेमकी चालते कशी?

रेस्टॉरंटमधील वाईनची खरेदी, साठवण आणि शिफारस करणाऱ्या जाणकाराला सोमेलिए म्हणतात. कोणती बाटली यादीत छापायची, कोणती मागे ठेवायची हे बहुतेकदा तोच ठरवतो. नेहमी येणारा ग्राहक, वाईनची जाण असलेला ग्राहक किंवा भरपूर खर्च करणारा ग्राहक दिसला, की ‘यादीत नाही, पण आमच्याकडे एक बाटली आहे’ असे सांगितले जाते. बाकीच्यांना अशी बाटली तेथे आहे याचा पत्ताही लागत नाही. त्यामुळे नकार मिळाल्याची तक्रारही कोणी करत नाही.

मुळात बाटल्या इतक्या कमी का?

फ्रान्समधील बर्गंडी प्रांतात याचे उत्तर सापडते. तेथील रोमाने-कोंती हा जगप्रसिद्ध द्राक्षमळा जेमतेम १.८ हेक्टरचा, म्हणजे सुमारे साडेचार एकरांचा आहे. त्यातून वर्षाला साधारण पाच ते सहा हजार बाटल्या निघतात आणि मागणी जगभरातून असते. मळ्याची हद्द कायद्याने ठरलेली असल्याने उत्पादन वाढवण्याचा मार्ग नाही. त्यात हवामानाची भर पडते. एप्रिल २०२१मध्ये पडलेल्या कडाक्याच्या दहिवराने बर्गंडीतील त्या वर्षीचे पीक मोठ्या प्रमाणात घटले. ऑक्टोबर २०१८मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १९४५ सालच्या रोमाने-कोंतीची एक बाटली ५ लाख ५८ हजार डॉलरना विकली गेली. त्या वर्षी अवघ्या ६०० बाटल्या तयार झाल्या होत्या.

अशा वाईनची विक्री खुल्या बाजारात होत नाही. उत्पादक आयातदाराला आणि आयातदार रेस्टॉरंटला ठरावीक वाटा देतो. कुणाच्या वाट्याला वर्षाला सहा बाटल्या येतात, कुणाला एकच. हा वाटा टिकवायचा तर त्याच उत्पादकाची किंवा आयातदाराची इतर वाईनही नियमित घ्यावी, अशी अपेक्षा असते. म्हणजे ग्राहकांची निवड करणारे रेस्टॉरंट स्वतःही अशाच निवडीतून गेलेले असते.

बाटली यादीत छापली तर बिघडते काय?

रेस्टॉरंटचालकांची पहिली अडचण दराची असते. काही वर्षांपूर्वी घेतलेल्या बाटलीचा बाजारभाव दरम्यान कितीतरी पटींनी वाढलेला असतो. यादीवरील दर जुनाच राहिला, तर मोबाइलवर भाव ताडून पाहणारे ग्राहक नेमकी तीच बाटली मागवतात. जेवणावर फारसा खर्च करत नाहीत आणि पुन्हा फिरकतही नाहीत. दर बाजारभावाइतका वाढवला, तर वर्षानुवर्षे येणाऱ्या ग्राहकाला ती परवडत नाही. बाटली यादीबाहेर ठेवली की ती कमी दरात, पण हव्या त्या माणसाला देता येते.

दुसरे कारण उत्पादकाशी असलेल्या संबंधांचे आहे. आपली वाईन जेवणाबरोबर उघडली जावी, पुनर्विक्रीच्या बाजारात जाऊ नये, अशी अनेक उत्पादकांची इच्छा असते. तिसरे कारण वाईनच्या वयाचे. उत्तम रेड वाईन मुरायला दहा-पंधरा वर्षे लागतात. ती तोवर विक्रीला न काढणे ही ग्राहकाच्याही हिताची गोष्ट आहे. मात्र ‘अजून तयार नाही’ आणि ‘तुमच्यासाठी नाही’ यांत फरक आहे. यादीबाहेर ठेवलेल्या बाटलीबाबत यातले खरे कारण कोणते, हे ग्राहकाला कळायला मार्ग नसतो.

बनावट बाटल्या आणि चोऱ्यांचा संबंध काय?

रूडी कुर्नियावान या व्यापाऱ्याने अमेरिकेतील धनाढ्य संग्राहकांना बनावट जुनी वाईन विकली. न्यूयॉर्कमधील रेस्टॉरंटमध्ये संपवलेल्या दुर्मीळ वाईनच्या रिकाम्या बाटल्या तो मागवून घेत असे. डिसेंबर २०१३मध्ये तो दोषी ठरला आणि ऑगस्ट २०१४मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. बाटली कुणाच्या टेबलावर जाते आणि रिकामी झाल्यावर कुठे जाते, याला तेव्हापासून अधिक महत्त्व आले.

चोरीची भीतीही खरी आहे. ऑक्टोबर २०२१मध्ये स्पेनमधील कासेरेस शहरातील ‘आत्रिओ’ या रेस्टॉरंटच्या तळघरातून ४५ बाटल्या चोरीला गेल्या. त्यांत १८०६ सालची शातो दिकेमही होती. पॅरिसच्या ‘ला तूर दार्जां’च्या साठ्यातून १५ लाख युरोंहून अधिक किमतीच्या ८३ बाटल्या गायब असल्याचे २०२४च्या सुरुवातीला उघड झाले. आपल्याकडे काय आहे ते सर्वांना सांगावे का, असा विचार रेस्टॉरंट करतात तो यामुळेही.

हे कायदेशीर आहे का?

फ्रान्सच्या ग्राहक संहितेनुसार योग्य कारणाशिवाय ग्राहकाला वस्तू विकण्यास नकार देता येत नाही. यादीत छापलेली, शिल्लक असलेली बाटली नाकारली तर रेस्टॉरंट अडचणीत येऊ शकते. पण जी बाटली विक्रीला असल्याचे जाहीरच केलेले नाही, ती नाकारली असे म्हणणे अवघड जाते. ब्रिटनमध्ये २०१०च्या समानता कायद्यानुसार वंश, धर्म, लिंग अशा कारणांवरून सेवेत भेदभाव करण्यास बंदी आहे. परंतु जुन्या ग्राहकाला झुकते माप देणे त्यात येत नाही. खरी गुंतागुंत येथेच आहे. ‘ओळखीचा’ किंवा ‘जाणकार’ कोण, हे सोमेलिए नजरेने ठरवतो. कपडे, वर्ण, उच्चार, वय यांचा त्या नजरेवर परिणाम होत असेल, तरी यादीबाहेरच्या व्यवहारात तो सिद्ध करणे जवळपास अशक्य असते.

सरकारी यंत्रणेने असे केले तर?

अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात मद्याचे घाऊक वितरण सरकारी आयोगाकडे आहे. तेथील काही वरिष्ठ अधिकाऱ्यांनी ‘पॅपी व्हॅन विंकल’ ही दुर्मीळ बर्बन व्हिस्की स्वतःसाठी वळवून घेतल्याचे २०२३मध्ये उघड झाले. पैसे त्यांनी मोजले होते, पण सामान्य ग्राहकाला मिळण्याची संधी हिरावली गेली होती. आयोगाच्या संचालकांना पद सोडावे लागले. खासगी रेस्टॉरंटमध्ये जे आतिथ्य मानले जाते, ते सार्वजनिक यंत्रणेत गैरव्यवहार ठरले.

भारतात काय स्थिती?

आयात वाईनवर भारतात प्रदीर्घ काळ १५० टक्के सीमाशुल्क राहिले आहे. त्यावर राज्यांचे कर लागतात. त्यामुळे मुंबई-गोव्यातील पंचतारांकित हॉटेलांपर्यंत अशा बाटल्या मोजक्याच पोहोचतात. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात किंमत वाढवण्यासाठी साठा करणे किंवा विक्रीस नकार देणे ही अनुचित व्यापार प्रथा मानली आहे. पण राखीव बाटली स्वस्तात खास ग्राहकाला दिली, तर ही तरतूद लागू करणे कठीण आहे.

मग सामान्य ग्राहकाचे नुकसान काय?

एखादी महागडी वाईन न मिळाल्याने कुणाचे पोट उपाशी राहत नाही. मात्र पैसे साठवून, लग्नाच्या वाढदिवसासाठी एकदाच अशा ठिकाणी येणाऱ्या जोडप्यालाही आपण इतरांसारखेच ग्राहक आहोत असे वाटत असते. त्यांना अर्धीच यादी दाखवली जाते. या व्यवसायात शिरू पाहणाऱ्या तरुणांचाही प्रश्न आहे. ज्या वाईनचा अभ्यास करायचा, तिची चवच ओळखीच्या वर्तुळाबाहेर मिळणार नसेल, तर ते वर्तुळ आणखी लहान होत जाते.

पर्याय नाहीत असे नाही. ‘प्रत्येक टेबलास एकच बाटली’, ‘फक्त जेवणासोबत’ अशा अटी यादीतच छापता येतात. २०१३पासून बाजारात आलेल्या ‘कोराव्हिन’ या उपकरणाने बूच न काढता सुईवाटे वाईन काढता येते आणि उरलेली टिकते. त्यामुळे एकाच बाटलीतून अनेकांना छोटा पेला देणे शक्य झाले आहे. ग्राहकानेही आपले बजेट स्पष्ट सांगून ‘यादीबाहेर काही आहे का?’ असे विचारायला संकोचू नये. उत्तर नकारार्थी येईलही, पण निदान ते द्यावे लागेल.